हुकूमशहाचा चेहरा कोणी घडविला?

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२० डिसेंबर १९२४ रोजी बव्हेरियातील लांड्सबर्गच्या तुरुंगातून हिटलर सुटला. त्याला आणावयास गेलेल्यांत म्युनिकचा छायाचित्रकार हाइन्रिख हॉफमन होता. तुरुंगाच्या दाराशी कॅमेरा लावण्यास पहारेकऱ्यांनी मनाई केली. तेव्हा मोटार गावाच्या जुन्या वेशीपाशी नेऊन उभी करण्यात आली. मागे दगडी कमान आणि मोटारीजवळ हिटलर. ते छायाचित्र छापले गेले ते तुरुंगातून सुटकेचे म्हणून. गावाची वेस तुरुंग म्हणून खपली.

हॉफमन हा कोणी तत्त्वचिंतक नव्हता. छायाचित्रकाराच्या पोटी १८८५ साली जन्मलेला, बापाचाच धंदा चालविणारा तो दुकानदार होता. १९२० मध्ये तो नाझी पक्षात गेला. १९२३ पर्यंत हिटलर कॅमेऱ्यापुढे येण्याचे टाळीत असे. त्याची पहिली ठरवून काढलेली छायाचित्रे त्या वर्षी हॉफमनने घेतली. पुढे हॉफमनच्या स्टुडिओत हिटलरने वक्त्याच्या हावभावांची तालीम केली. वर उचललेला हात, आवळलेली मूठ, छातीवर ठेवलेला पंजा, प्रत्येक आविर्भावाचे छायाचित्र निघाले. कोणता आविर्भाव सभेत शोभतो हे हिटलर त्यांवरून ठरवी. ज्या भाषणांना भोळे लोक अंतःकरणाचा उद्रेक समजले, त्यांची बैठक अशी बसविलेली होती.

पण अशा कामात छापलेल्या चित्रांइतकेच महत्त्व न छापलेल्या चित्रांना असते. वाचताना हिटलरला चष्मा लागत असे. चष्म्यातले छायाचित्र जनतेपुढे येऊ दिले जात नसे. भाषणे मोठ्या अक्षरांच्या खास टंकयंत्रावर लिहिली जात, म्हणजे सभेत चष्मा नको. चामड्याच्या आखूड चड्डीतली छायाचित्रेही मागे पडली. तालमीची छायाचित्रे नष्ट करण्यास हिटलरने सांगितले होते. हॉफमनने ती जपून ठेवली. दुकानदार माल फेकून देत नाही.

१९३२ मध्ये जर्मनीत सुमारे साठ लाख कामगार बेकार होते. त्याच वर्षी हॉफमनने हिटलरच्या खाजगी जीवनाचे चित्रपुस्तक काढले, लोकांना अपरिचित असलेला हिटलर दाखविणारे. त्यातला हिटलर मुलांशी बोलतो, कुत्र्याबरोबर खेळतो, डोंगरात एकटा फिरतो. प्रस्तावना हॉफमनचा जावई, नाझी युवक संघटनेचा नेता बाल्डुर फॉन शिराख याची. घरचाच कारखाना! १९३६ मध्ये तर सिगारेटच्या पाकिटांबरोबरच्या कुपनांवर छायाचित्रे मिळवून ती चिकटविण्याचा हिटलरचा आल्बम निघाला. सत्ता आल्यावर ह्या चेहऱ्याच्या व्यापाराचा जवळजवळ मक्ताच हॉफमनकडे आला. टपाल तिकिटांवरील चेहऱ्याबद्दलही हिटलरला मोबदला मिळत असे, असे त्याचा मंत्री श्पेअर याने लिहून ठेवले आहे.

जानेवारी १९३२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या इंडस्ट्री क्लबात कारखानदारांपुढे भाषण करणारा हिटलर मात्र ह्या कुत्र्या-मुलांच्या चित्रांत नव्हता. तो दाखविला जॉन हार्टफील्डने. कामगारांचे सचित्र साप्ताहिक 'आर्बायटर इलुस्ट्रीर्टे त्साइटुंग' याच्या ऑक्टोबर १९३२ मधील मुखपृष्ठावर त्याने हिटलरचेच छायाचित्र कापून वापरले. सलामीसाठी मागे वळलेला पंजा, आणि पाठीमागचा धिप्पाड शेठ त्या पंज्यात नोटा ठेवीत आहे. लाखो आपल्या पाठीशी आहेत अशी हिटलरची फुशारकी असे. ते लाखो माणसे की मार्क, हे कामगाराला एका नजरेत कळले. १९२६ पासून कामगार-छायाचित्रकारांची स्वतंत्र संघटना गिरण्या, खाणी, चाळी यांची चित्रे टिपत होतीच. १९३३ मध्ये हार्टफील्डला प्रागला पळावे लागले. १९३४ मध्ये तेथील प्रदर्शनातूनही जर्मन वकिलातीच्या दबावामुळे त्याची काही चित्रे उतरविण्यात आली.

चित्राशी खेळण्याचा उद्योग फॅसिस्टांनीच केला, असे म्हणून मात्र कम्युनिस्टांना हात झटकता येणार नाहीत. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्तालिनशेजारी उभा असलेला येझोव १९४० मध्ये गोळी घातल्यानंतर त्या छायाचित्रातून नाहीसा झाला. त्याच्या जागी पाणी रंगविण्यात आले. येझोव स्वतः हजारोंच्या रक्ताने माखलेला होता हे खरे. पण त्याला पुसल्याने ते रक्तही पुसले गेले, आणि हुकूम देणारा तेवढा काठावर उभा राहिला. हार्टफील्डची कात्री आणि हा कुंचला एकाच पेटीत ठेवता येत नाहीत. हार्टफील्डची जोडणी उघड होती. आपण पाहतो ते जोडलेले आहे हे वाचकाला ठाऊक असे.

१९४५ मध्ये हॉफमन पकडला गेला. न्युरेंबर्गमध्ये आपल्याच छायाचित्रांचे गठ्ठे निवडून लावण्याचे काम त्याच्याकडे आले. ज्यांना त्याने थोर करून दाखविले, त्यांच्याविरुद्ध आता तीच चित्रे पुरावा होती. नाझीनिर्मूलन न्यायालयाने त्याला मुख्य अपराध्यांत बसविले. १९५० मध्ये तो सुटला. १९५५ मध्ये त्याच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक निघाले. हिटलर आपला मित्र होता, असे त्याचे नावच सांगते. तालमीची ती छायाचित्रे ह्या पुस्तकात होती. तीही विकण्यासाठीच.