उपकरणांची झोप



तुमच्या लॅपटॉपचा कॅमेरा आत्ता काय करतोय?
बहुतेक झोपलाय.
अशा झोपेमुळेच बॅटरी टिकते.

ही झोप सांभाळतो कर्नेल.
कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.
आज लिनक्सचा कर्नेल पाहू.

तो प्रत्येक उपकरणाचा हिशेब ठेवतो.
कुणाला ते हवं झालं,
की आकडा एकाने वाढतो.
काम संपलं,
की एकाने उतरतो.
आकडा शून्य झाला, तरच झोप.

पण लगेच नाही.
झोपवायला आणि उठवायलाही वेळ लागतो, वीज लागते.
म्हणून कर्नेल बऱ्याचदा क्षणभर वाट पाहतो.
मला हा संयम फार शहाणपणाचा वाटतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. क्रम.
यूएसबी कीबोर्ड जोडलेला असतो हबला, म्हणजे अनेक उपकरणं जोडायच्या फाट्याला.
हब जोडलेला असतो कंट्रोलरला, म्हणजे त्या जोडण्या चालवणाऱ्या चिपला.
लेकरं निजल्याशिवाय आई निजत नाही, तसंच इथे.
आधी कीबोर्ड.
मग हब.
शेवटी कंट्रोलर.
उठताना बरोबर उलट.
कंट्रोलरच झोपलेला असेल,
तर कीबोर्डपर्यंत निरोप पोचणार कसा?

लिनक्समध्ये ही व्यवस्था 2009 साली आली.
कर्नेलवर काम करणारे राफाएल विसोत्स्की यांचं त्यात मोठं काम आहे.
त्याआधी भर होता सगळं यंत्र एकदम झोपवण्यावर.
आता यंत्र चालू असतानाच
रिकामं उपकरण तेवढं झोपतं.

पुन्हा सांगते, श्रोतेहो.
गरज शून्य, तरच झोप.

तुमच्याकडे लिनक्स असेल,
तर पॉवरटॉप हा मोफत प्रोग्रॅम चालवून पाहा.
कोणत्या उपकरणाला झोपेची परवानगीच नाही,
ते त्यात दिसतं.