हिमनदीला येणारे उधाण

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा एक कान रेडिओकडे असतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे कळले की नदीकाठची मंडळी जनावरे हलवतात. आज मला सांगायचे आहे ते दरवाजे नसलेल्या धरणांविषयी. ती हिमनद्या बांधतात.

हिमनदी एरवी संथ. पण काराकोरममधल्या काही हिमनद्यांना अधूनमधून उधाण येते. कित्येक वर्षे वरच्या अंगाला बर्फ साचत जातो. मग तळाशी पाणी कोंडते, घर्षण कमी होते आणि बर्फ दिवसाला काही मीटर वेगाने खाली घसरतो. वरचा भाग खचतो, मुखाकडचा फुगतो, पृष्ठभागावर भेगांचे जाळे पडते. समोर नदी असली तर ती अडते. चोंग कुमदन हिमनदीने अडवलेल्या श्योक नदीचा बर्फाचा बांध १९२९ मध्ये फुटला आणि सिंधूला मोठा पूर आला.

तिथे माणूस पोचणे कठीण, म्हणून उपग्रह. वेगवेगळ्या तारखांची दोन चित्रे घ्यायची, दोन्हींत तीच भेग किंवा तोच मातकट पट्टा शोधायचा, तो किती सरकला ते मोजून मधल्या दिवसांनी भागायचे. झाला वेग! हिशेब शाळकरी आहे. संगणक तो हजारो ठिकाणी करतो, एवढेच. ढग आड आले तर रडार कामी येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या भागावरचे ढग हटत नव्हते, तेव्हाही पुराचे नकाशे तयार झाले ते रडारमुळेच.

मी भूगोल शिकवतो. ‘बर्फ पुढे येतोय, मग तापमानवाढ खोटी का?’ असे मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे, निष्कर्ष चुकीचा. उधाणात बर्फ वाढत नाही. वरचा खाली येतो, आणि खालच्या उबेत लवकर वितळतो.

हुंझा खोऱ्यातल्या शिशपेर हिमनदीला २०१८ मध्ये उधाण आले. तिने शेजारचा प्रवाह अडवला, तलाव साचला. उपग्रहांतून सारे दिसत होते. तलाव वारंवार भरला, रिता झाला, आणि ७ मे २०२२ रोजी फुटला तेव्हा काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला. तलाव किती वाढला हे चित्र सांगते. बर्फाखालची वाट नेमकी कधी मोकळी होईल, हे सांगत नाही. म्हणून दोन चित्रांमधले अंतर जितके कमी तितके बरे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला इस्रो आणि नासाचा ‘निसार’ हा रडार उपग्रह दर १२ दिवसांत जवळपास सारी जमीन दोनदा टिपण्यासाठी बनवला आहे. त्यात या हिमनद्याही आल्या.