उभी बाटली, आडवी लेखणी



आठ दिवसांपूर्वी या साहित्य संमेलनाच्या संयोजकांचा फोन आला. "सर, भाषण तुमच्या मनासारखं करा. फक्त राजकारण तेवढं टाळा. संमेलनाला सगळ्यांनीच हातभार लावलाय." मी "बघतो" म्हणालो. आज सकाळी आत येताना कमानीवरचे फोटो मोजले. अकरा भरले. त्यात लिहिणारा माणूस एकही नाही. माझा फोटो नाही याचं दुःख नाही, तो बघण्यासारखा नाहीच. पण राजकारण मी टाळायचं आणि कमानीनं टाळायचं नाही, हा करार मला मान्य नाही. मी आज राजकारणावरच बोलणार आहे. ज्यांना चहाला जायचंय त्यांनी आत्ताच उठावं, मधूनच उठून खुर्च्या वाजवू नयेत.

मी जन्मभर शाळामास्तर. मास्तर म्हणजे निवडणुकीचा हक्काचा गडी. कागदी मतपत्रिकेपासून यंत्रापर्यंत सगळं या हातांनी केलं. आदल्या रात्री वर्गातली बाकं जोडून त्यावर झोपायचं, उशाला साहित्याची पिशवी, पहाटे उठून अभिरूप मतदान घ्यायचं, मग दिवसभर बोटांना शाई. आपल्या भागातला माणूस मतदान कसं करतो हे मी खिडकीतून नाही, टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. म्हणून आज जे बोलणार आहे ते आतल्या माणसाचं समजा.

पहिला सवाल. तुमच्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य कोण? हात वर करा. कुणाचाच हात नाही. चूक तुमची नाही, वर्षानुवर्षं सदस्यच नव्हता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला तेव्हा आपण गुलाल उधळला होता, की आता कारभार दारात आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपण ५२ सदस्य निवडून दिले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तिथून पुढे २०२५ साल सरलं तरी त्या इमारतीत लोकांनी निवडलेला एक माणूस नव्हता. प्रशासक होता. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं संविधानाचं २४३-ई कलम सांगतं. आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात होतं, प्रभागरचना बदलत होती, हे मला ठाऊक आहे. ओबीसींच्या जागांचा प्रश्न खराच होता, त्याला मी निमित्त म्हणणार नाही. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका उरका. त्या चार महिन्यांचेही पुढे ३१ जानेवारी २०२६ झाले.

कोर्टाला बोलावं लागलं, कारण आपण बोललो नाही. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांना मत नव्हतं, त्यासाठी माणसं तुरुंगात गेली. आपल्याला मत होतं, ते चार वर्षं कुलपात पडलं, आणि आपण साधी हाळी दिली नाही. शाळेचं छत गळतंय, हातपंप बंद पडलाय, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, या तक्रारी घेऊन जायचं कुणाकडे? साहेबांकडे. साहेब मीटिंगला गेलेले.

बोललो नाही म्हणजे गप्प होतो असं नाही. बोलायला आपण कधी कमी नसतो. आमच्या गावात फाट्यावर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि उकळून काळा झालेला चहा. नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्या तेव्हा मी तिथे रोज सकाळी बसत होतो. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती नागपूर खंडपीठाच्या आदेशानं २१ तारखेला गेली. त्या एकोणीस दिवसांत चहावाल्याचा धंदा बरकतीला आला. कोण कुणाला आतून मिळालाय, कोणत्या वार्डात शेवटच्या रात्री काय भाव फुटला, कुणाचा जावई कुठल्या पॅनलमध्ये, सगळं तोंडपाठ. मी मधेच विचारलं, "अहो, पाण्याच्या टाकीचं काय ठरलं?" एक जण माझ्याकडे असा बघायला लागला की जणू लग्नाच्या पंगतीत मी कुणाचं तेरावं विचारलं. म्हणाला, "सर, निवडणुकीत टाकीचं काय काढायलात?"

हेच मला म्हणायचंय. आपण माणसावर मत देतो, प्रश्नावर कधीच देत नाही. आणि प्रश्नावर मत मागायचं असतं हेसुद्धा आपण विसरलो.

प्रश्नावर मत कसं घेतात ते ऐका. माझा भाचा अमेरिकेत, कॅलिफोर्नियात असतो. तिकडे अध्यक्षाच्या दोन निवडणुकांच्या मधोमध, दर चार वर्षांनी, एक मोठी निवडणूक येते. तिला मध्यावधी म्हणायला माझी जीभ अडखळते, कारण आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सरकार पडल्यावर येणारी. तिकडची ठरलेल्या दिवशी येते. २०१८ च्या त्या निवडणुकीआधी भाच्याच्या मित्राच्या घरी सरकारी पुस्तक आलं. त्यात राज्याचे प्रश्न छापलेले, प्रत्येकाखाली बाजूनं काय, विरोधात काय, तिजोरीवर बोजा किती. पेट्रोलवरचा वाढवलेला कर रद्द करायचा का? लोक म्हणाले, नको, राहू द्या. अंडी देणाऱ्या कोंबडीला किमान एक चौरस फूट जागा द्यायची का? लोक म्हणाले, द्या. कोंबडीला किती जागा हे तिथले मतदार ठरवतात. इथे नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आपल्या जिल्ह्यातून आखला, शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे निघाले. पण माणसाच्या शेतातून रस्ता जावा का, हे कुणी मतपत्रिकेवर छापलं नाही.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मी सांगत नाही. २०२० मध्ये तिथल्या ॲपवर गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांनी एका ठरावासाठी वीस कोटी डॉलरच्या वर ओतले आणि तो जिंकला. पैसा तिथेही बोलतो. पण निदान प्रश्न काय आहे ते कागदावर छापावं लागतं.

आपल्याकडे असा कागद एकदाही निघाला नाही का? निघाला. आणि तो साहित्यिकांनी काढला नाही, पुढाऱ्यांनीही नाही. बायांनी भांडून काढायला लावला. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर गुप्त मतदान. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असा याहून स्वच्छ सवाल मी लोकशाहीत दुसरा पाहिला नाही.

असं एक मतदान मी जवळून पाहिलंय. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते दुकान अजून चालू आहे आणि त्या बायांना तिथंच नांदायचंय. उन्हाळ्याचे दिवस. बाया सकाळी सातला रांगेत. एक म्हातारी नातीचा हात धरून आली, शिक्का मारून बाहेर पडली आणि अंगणातच पदराला बोटाची शाई पुसायला लागली. मी म्हटलं, "आजी, ती निघत नसते." म्हणाली, "निघू नये म्हनूनच पुसून बगायले." दुकानदाराची माणसं समोरच्या लिंबाखाली पत्ते खेळत बसली होती. त्यांना कसलीच घाई नव्हती. का नव्हती ते मला संध्याकाळी कळलं.

या मतदानाचा नियम असा की गावातल्या पाव महिला मतदारांनी आधी सहीनिशी मागणी करायची, त्या सह्या तपासल्या जाणार. मग मतदान. आणि आडवी बाटली जिंकायची तर झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. नीट ऐका. यादीत हजार बाया आहेत असं धरा. पाचशे आल्या, चारशे ऐंशींनी आडवीवर शिक्का मारला, वीस जणींनी उभीवर. बाटली उभीच राहिली! ज्या आल्या नाहीत त्या सगळ्या दारूच्या बाजूच्या धरल्या गेल्या. त्यात ऊस तोडायला गेलेली आली, दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन परगावी नांदणारी आली, मसणात गेलेलीही आली. त्या संध्याकाळी एक बाई मला म्हणाली, "सर, मपली सासू मरून तीन साल झाले. जितेपणी दारूच्या नावानं बोटं मोडायची. मेल्यावर तिचं मत उभीला घातलं व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर उठून सांगा. आमदार चौरंगी लढतीत तीस-पस्तीस टक्क्यांवर निवडून येतो, गुलाल उधळतो, आणि आलेल्या मतांतून मोजतो. त्याला यादीतल्या मेलेल्यांची मतं मिळवावी लागत नाहीत. हा नियम आमदाराला लावा. किती जण विधानसभेत दिसतील?

आणि जिंकल्यावर तरी काय? चंद्रपूर जिल्ह्यात बायांनी वर्षानुवर्षं लढून २०१५ मध्ये दारूबंदी मिळवली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. उठवताना त्या बायांना आडवी-उभी कुणी विचारली नाही. बंदीनं चोरटी दारू वाढते, हा युक्तिवाद मी नाकारत नाही. पण तो बायांपुढे मांडा, त्यांचं मत घ्या, मग काय ते करा. आणि लोकांनी स्वतःच मत घ्यायचं ठरवलं तर? मतदान यंत्राबद्दल शंका आली म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या गावात, स्वतःच्या समाधानासाठी कागदी मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, तर तिथे जमावबंदी लागली. त्यांची शंका बरोबर होती असं मी म्हणत नाही, पण लोकांनी आपणहून पेटी मांडली की व्यवस्थेला एवढा घाम का फुटतो?

आपल्यालाही पेटी नकोच असते, हे आता बोलतो. बिनविरोध झालं की आपण पेपरात फोटो देतो. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली, देवळाच्या कामासाठी. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूक रद्द केली. हसू नका. आपल्याकडे बोली जाहीर होत नाही इतकंच.

आणि सर्वांत जास्त लाज कुणी बाळगावी? आम्ही, माझ्या जातीच्या लोकांनी, म्हणजे लेखकांनी. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष हजार-अकराशे मतदार निवडायचे. त्यात गठ्ठे होते, लॉबी होत्या, मतपत्रिका गोळा करणारे एजंट होते. उपाय काय काढला? मतदार वाढवले? नाही. निवडणूकच काढून टाकली. २०१८ मध्ये साहित्य महामंडळानं आपली घटना बदलली आणि तेव्हापासून अध्यक्ष 'सन्मानानं' ठरतो. २०१९ च्या यवतमाळला अरुणा ढेरे अशा पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या योग्यतेबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. शंका पद्धतीबद्दल आहे. जिल्हा परिषदेत भ्रष्टाचार आहे म्हणून प्रशासक बरा, असं म्हणणाऱ्या माणसात आणि आपल्यात फरक काय उरला? दुर्गाबाई भागवत आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडला अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्यांच्यासमोर बाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्या मंडपाला उभं केलं. आज आपल्याला फोन येतो, राजकारण टाळा, आणि आपण टाळतो.

इथून जवळच औंढ्याचं नागनाथाचं देऊळ आहे. तिथे नामदेवांना कीर्तनाला देवळाच्या मागे उभं केलं तर देऊळ त्यांच्याकडे फिरलं, ही कथा आपण मुलांना सांगतो. मागे उभं केल्यावर नामदेव घरी निघून गेले नाहीत, एवढंच मला त्यात दिसतं.

आता कामाचं. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'ठराव' आहेत. दरवर्षी काय होतं ते मला माहीत आहे. कुणीतरी भराभर वाचतं, लोक टाळ्या वाजवतात, 'सर्वानुमते मंजूर'. आज तसं होणार नाही. चौथा ठराव मी स्वतः मांडलाय, की पुढच्या वर्षीचा अध्यक्ष या मंडपातल्या लोकांनी मत देऊन निवडावा. त्यावर गुप्त मतदान होईल. काल रात्री माझ्या सुनेनं चिठ्ठ्या तयार केल्यात. दोन चित्रं आहेत, उभी लेखणी म्हणजे हो, आडवी लेखणी म्हणजे नको. बिस्किटाचा डबा आहे, त्याला चीर पाडलीय, तो भोजनगृहाच्या दारात ठेवलाय. मोजणी आलेल्या मतांतूनच होईल, मेलेल्यांना त्रास देणार नाही. डब्याजवळ मी बसणार आहे, मला त्याची सवय आहे.

पहिली रांग बायांची. स्वागताध्यक्ष, तुम्ही दुसऱ्या रांगेत.