वीरच्या पाण्यावरचा मोठा कुरव

साताऱ्याहून पुण्याकडे निघालात, की शिरवळ मागे टाकल्यावर नीरा नदी लागते. त्याऐवजी शिरवळलाच लोणंद रस्त्याला वळलात, तर वीर धरणाचा जलाशय दिसू लागतो. हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब पाहायला इथे बरीच मंडळी येतात. मी मात्र जातो कुरव शोधायला.

समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, मध्ये सगळा सह्याद्री. मग समुद्रावरचा पक्षी इथे चुकून आला, असं वाटतं. पण इथे येणारा कुरव अंड्यातून बाहेर येतो तोच मुळी समुद्रापासून लांब. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतो, तर पल्लासचा कुरव मध्य आशिया नि मंगोलियातल्या तळ्यांच्या बेटांवर. गोडं पाणी, उघडा काठ, भरपूर मासे हे त्यांच्या चांगल्या ओळखीचं. कोकणकिनारा त्यांचा हिवाळी मुक्काम, तसाच देशावरचा मोठा जलाशयही.

यातला दुर्मीळ तो पल्लासचा. पीटर सायमन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने 1773 मध्ये त्याचं वर्णन केलं. वीरवर तो दिसेलच असं नाही. उजनी धरणाच्या जलाशयावर गाठ पडण्याची शक्यता अधिक. म्हणून कुरवांचा थवा बसलेला असला, की दुर्बिणीतून एकेक पक्षी पाहावा. बाकीच्यांच्या दीडपट, घारीहूनही थोराड असा एखादा दिसला, तर आधी चोच बघा. जाड, पिवळी, टोकाजवळ काळा पट्टा. थंडीत डोकं पांढुरकं, डोळ्यामागे मळकट डाग. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच डोकं काळंभोर होतं, आणि डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी उठून दिसतात. असा पूर्ण रंगात आलेला पक्षी म्हणजे परतीच्या वाटेवरचा पक्षी. त्याला पाहताना माझा ऊर भरून येतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

एक कळकळीची विनंती. काही जलाशयांवर फोटोसाठी नावेतून कुरवांना शेव-गाठिया टाकतात. ते वीरवर नको. मीठ-तेलाचं खाणं हे त्यांचं अन्न नव्हे. नावही थव्यात घालू नका. दर वेळी उडण्यात त्यांची ताकद जाते, आणि पुढे हिमालय ओलांडायचा असतो.

सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी ठेवा. मोठा कुरव दिसलाच, तर तारीख, वेळ आणि चोचीचा रंग तिथेच वहीत लिहून ठेवा.