उशिरां पोंचलेला चषक

मोटारींच्या शर्यतींचें वेड आपल्या सोलापुरास फारसें नाहीं. गड्ड्याच्या यात्रेंत ‘मौत का कुआं’ पाहिला, कीं आपली हौस भागते. तरीहि आज ज्या गृहस्थांची हकीकत सांगावयाची आहे, त्यांचें गांव सोलापुरकरांस अगदींच परकें वाटूं नये. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांतलें डॅनव्हिल हें कापडगिरण्यांचें शहर होतें. आपल्या जुन्या गिरणीचा भोंगा जसा थांबला, तशा तेथील गिरण्याहि पुढें बंद पडल्या. या गांवीं ता. २९ ऑगस्ट १९२१ रोजीं वेंडेल स्कॉट यांचा जन्म झाला.

गिरणींत न जातां त्यांनीं टॅक्सी चालविली, दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत चाकरी केली आणि मग मोटारदुरुस्तीचें दुकान थाटलें. रात्रीं चोरटी दारूहि ते वाहून नेत. ‘स्टॉक-कार’ शर्यतीचीं मुळें याच धंद्यांत आहेत. दिसावयास साधी मोटार घेऊन तिचें इंजिन असें सुधारावयाचें, कीं पोलिसांच्या गाडीस ती सांपडूं नये. हीच विद्या पुढें वर्तुळाकार मैदानावर खेळ म्हणून आली. १९५२ सालीं डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांस गर्दी खेंचण्यासाठीं एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनीं पोलिसांकडे विचारणा केली व पोलिसांनीं स्कॉट यांचें नांव सुचविलें, असें सांगतात.

त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत वर्णभेद कायद्यानेंच रूढ होता. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको. कांहीं मैदानांनीं स्कॉट यांस प्रवेशच नाकारला. मोठ्या कारखान्यांचा पाठिंबा नव्हता. जुने भाग जुळवून ते स्वतःच गाडी सिद्ध करीत आणि त्यांचीं मुलें मदतीस असत. अशा स्थितींत १९६१ सालीं ते देशांतील सर्वांत वरच्या श्रेणीच्या शर्यतींत उतरले.

ता. १ डिसेंबर १९६३ रोजीं फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिल येथें मातीच्या मैदानावर २०० फेऱ्यांची शर्यत झाली. स्कॉट यांनीं रिचर्ड पेटी या नामांकित चालकास मागें टाकलें. त्यांची शर्यत पुरी झाली, तरी विजयाचें निशाण हालेना. अखेर बक बेकर यांस विजयी ठरवून चषक त्यांस देण्यांत आला. स्कॉट यांनीं हरकत घेतली. तेव्हां फेऱ्यांची मोजणी माणसेंच कागदावर करीत. ते कागद तपासतां दिसून आलें, कीं स्कॉट यांनीं २०० नव्हे, २०२ फेऱ्या केल्या होत्या! मोजणींत चूक झाली, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. परंतु तोंवर प्रेक्षक निघून गेले होते व चषकहि गेला होता. गोऱ्या सुंदरीच्या हातून कृष्णवर्णीयाचा सत्कार होऊं नये म्हणून हें घडलें, अशी स्कॉट यांची समजूत होती.

त्यांनीं शर्यती सोडल्या नाहींत. १९६६ सालीं वर्षाच्या गुणतक्त्यांत ते सहावे आले. १९७३ मध्यें टॅलाडेगा येथील भीषण अपघातांत ते जबर जखमी झाले, आणि त्याच वर्षीं त्यांची कारकीर्द संपली. एकूण ४९५ शर्यती, पहिल्या दहांत १४७ वेळां, विजय मात्र एकच! १९९० सालीं त्यांचें निधन झालें. २०१५ सालीं त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव दाखल झालें, आणि जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक ऑगस्ट २०२१ मध्यें त्यांच्या कुटुंबियांच्या हातीं आला. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें बब्बा वॉलेस यांनीं टॅलाडेगा येथें विजय मिळविला. त्या श्रेणींत जिंकणारे ते दुसरेच कृष्णवर्णीय चालक होत.

श्रोते हो, नोंदवहींतील चूक त्याच रात्रीं दुरुस्त झाली. मान मिळावयास मात्र अठ्ठावन्न वर्षें लागलीं. आपल्या शाळांत, कचेऱ्यांत आणि आखाड्यांत गुण देण्याचें काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीं हा हिशोब अवश्य ध्यानांत ठेवावा. योग्य माणसास त्याचें श्रेय त्याच्या हयातींत, चार लोकांसमक्ष मिळावें, एवढीच स्कॉट यांची मागणी होती. आणि ती कांहीं फार मोठी नव्हती.