कान्हेरीच्या पोढ्या

राईच्या कुटुंबास रानांतील सहल करावयाची, तर भाईंदरहून आगगाडीनें बोरिवली गांठावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तेथेंच आहे. सोमवारीं तें बंद असतें, हें आधींच ध्यानांत घ्यावें.

या रानांतील विहार व तुळशी हे तलाव मुंबईची तहान भागविण्यासाठीं अनुक्रमें १८६० व १८७९ सालीं पुरे झाले. त्यांचें पाणी शहर आजहि पितें. म्हणून तेथें डुंबण्याची मुभा नाहीं, आणि नाहीं हेंच योग्य.

कान्हेरीच्या डोंगरावर मात्र पाण्याची याहून जुनी व्यवस्था जवळून पाहतां येते. शंभराहून अधिक लेण्यांतील मूर्तींकडे सारेच पाहतात, दाराशीं खोदलेल्या टांक्यांकडे क्वचितच कोणी. शिलालेखांत त्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे. पावसाचें पाणी कातळांतील पन्हळींनीं त्यांत उतरे, आणि भिक्षूंचा उन्हाळा त्यावर निभे. कल्याणच्या एका सोनारानें अशीच एक पोढी दान दिल्याचा लेख तेथें आहे.