एक डोळा झाकून बघा

(मंडळाच्या गणेशोत्सवात ज्येष्ठ सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हटले की व्यासपीठावर कोणी विद्वान असावा अशी आपली अपेक्षा असते. मी विद्वान नाही आणि डॉक्टरही नाही. मध्य प्रदेश शासनाच्या आरोग्य खात्यात नेत्र सहायक आहे. चष्म्याचे नंबर काढणे आणि शिबिरात मोतीबिंदूचे रुग्ण निवडणे, हे माझे रोजचे काम. त्यामुळे आज मी औषध लिहून देणार नाही. डोळ्याच्या एका आजारात कधी थांबायचे नाही, एवढेच सांगणार आहे. आणि ते मला माझ्याच घरात शिकावे लागले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महालक्ष्म्यांच्या दिवशी आई दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. ठिपके ओळीत आलेत का हे बघताना एक डोळा मिटायची तिची जुनी सवय. ती मला म्हणाली, "अरे, उजव्या डोळ्याने बघितलं की मधली ओळ वाकडी दिसते, डाव्याने सरळ दिसते." मी बॅटरी घेऊन डोळे पाहिले. दोन्हीकडे मोतीबिंदूची सुरुवात होती. मी म्हणालो, "मोतीबिंदू आहे आई, दिवाळी झाली की ऑपरेशन करून घेऊ." दिवाळीनंतर पडद्याच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा उजव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध रक्त साचून व्रण पडला होता. त्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेलीच. मोतीबिंदूने दिसणे धूसर होते, पण रेघ वाकडी होत नाही. हे मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. घरच्या माणसाच्या वेळी विसरलो.

या आजाराचे नाव आहे वयोमानाने होणारे मॅक्युलर डिजनरेशन. डॉक्टर लोक थोडक्यात 'एएमडी' म्हणतात. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा आहे, त्याच्या मधोमध पाच-साडेपाच मिलिमीटरचा एक भाग असतो. त्याला मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, ही सगळी बारीक कामे हा एवढासा भाग करतो. पन्नाशीनंतर काहींच्या पीतबिंदूखाली पिवळसर कण साचू लागतात. त्यांना ड्रूसेन म्हणतात. हळूहळू तिथल्या पेशी झिजतात.

आजाराचे दोन प्रकार आहेत. कोरडा आणि ओला. दहा रुग्णांत आठ-नऊ जणांना कोरडा प्रकार असतो. तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या पाझरतात, कधी फुटतात. खाली पाणी साचले की पडदा उचलला जातो, आणि म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. भिंतीला ओल आली की पोपडा फुगतो, तसेच काहीसे. हा प्रकार कमी जणांना होतो, पण काही आठवड्यांत नजर घेऊन जातो. कोरड्याचा ओला कधीही होऊ शकतो, म्हणून कोरडा आहे असे कळल्यावरही तपासणी सोडायची नाही.

दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. त्यातून आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो. एक डोळा बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. आईला एक डोळा मिटायची सवय होती म्हणून तिला वेळेवर कळले. ऐकणाऱ्याने ऐकले नाही, एवढेच.

म्हणून घरी करायची एक चाचणी सांगतो. मार्क अ‍ॅम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. नातवाची गणिताची चौकटीची वही घ्या. तिच्यावर दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखा, मधोमध ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावा, भरपूर उजेडात बसा, पोथी वाचताना धरता तेवढ्या अंतरावर कागद धरा. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. दुसऱ्या डोळ्याने फक्त मधल्या ठिपक्याकडे बघा. नजर न हलवता विचारा: आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का? कुठे लाट आली आहे का? एखादा चौकोन पुसट किंवा गायब आहे का? मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा, वार ठरवून करा. वही नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाचे चौकोन किंवा खिडकीचे गजही उपयोगी पडतात.

रेघ वाकडी दिसली, किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नको, पुढच्या शिबिराची वाट बघू नका, "सण होऊन जाऊ दे" तर मुळीच म्हणू नका. चाचणी ठीक आली म्हणून डॉक्टरांची तपासणी टाळायचीही नाही. पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. आई-वडिलांना किंवा भावंडांना हा त्रास असेल तर नक्कीच.

आता उपचार. ओल्या प्रकारासाठी डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, मला कल्पना आहे. पण थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई अगदी बारीक असते, आणि काम काही मिनिटांत होते. रॅनिबिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. मूळ कॅन्सरसाठी निघालेले बेव्हॅसिझुमॅब खूप स्वस्त पडते, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ते नजरेच्या बाबतीत जवळपास तेवढेच गुणकारी ठरले. खर्चाचा प्रश्न असेल तर संकोच न करता डॉक्टरांना पर्याय विचारा. बहुधा सुरुवातीला दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने देतात आणि पुढे ओसीटी नावाच्या स्कॅनवर बघून अंतर वाढवतात. एका इंजेक्शनने बरे वाटले म्हणून पुढची सोडणारे रुग्ण मी बघतो, आणि ते परत येतात तेव्हा उशीर झालेला असतो. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

टाळता काय येईल? वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही. विडी-सिगारेट आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. रक्तदाब ताब्यात ठेवा. पालक, मेथी, अंड्याचा पिवळा बलक आणि मका यांत पीतबिंदूला लागणारी द्रव्ये असतात, तेव्हा सराफ्यातला भुट्ट्याचा कीस खायला हरकत नाही, पण तो औषध म्हणून नाही!

गोळ्यांबद्दल मात्र नीट ऐका. २००१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या ठरावीक गोळ्यांनी मध्यम अवस्थेतला आजार पुढे जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. त्या निरोगी माणसाला आजार होऊ नये म्हणून नाहीत, आणि गेलेली नजर आणत नाहीत. जुन्या गोळ्यांतले बीटा-कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवते, म्हणून २०१३ नंतरच्या सूत्रात त्याऐवजी ल्युटीन आणि झिॲक्सँथीन आले. शेजाऱ्याने घेतल्या म्हणून आपण घेऊ नयेत.

ज्यांची मधली नजर गेली आहे, त्यांच्या घरच्यांना दोन शब्द. या आजाराने माणूस पूर्ण आंधळा होत नाही, बाजूचे दिसत राहते. म्हणून ते ताट-वाटी बरोबर उचलतात, पण समोर उभ्या सुनेला ओळखत नाहीत. "मुद्दाम करतात" असे म्हणू नका. आपणच आधी नाव सांगून बोलावे. तेजस्वी दिवा, भिंग, मोठ्याने वाचून दाखवणारा मोबाइल, यांनी बरेच काम भागते. काहींना समोर नसलेली माणसे, फुले, जाळ्या दिसतात. त्याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. ते वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. मेंदू रिकामी जागा भरतो. डॉक्टरांना सांगावे आणि रुग्णाला धीर द्यावा.

पुढे आईचा डावा डोळाही ओला झाला. पण तेव्हा वही तिच्या उशाशी होती. शनिवारी रेघ वाकली, सोमवारी आम्ही दवाखान्यात होतो. त्या डोळ्याने ती आजही रांगोळीचे ठिपके जुळवते. उजव्या डोळ्याबद्दल तिने मला एकदाही बोल लावला नाही. तो मीच स्वतःला लावतो, आणि म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

घरी गेल्यावर आरतीआधी पाच मिनिटे काढा. आधी उजवा डोळा झाका, मग डावा. आणि घरातले कोणी म्हणाले की "रेघ वाकडी दिसते", तर त्यांचे ऐका.

गणपती बाप्पा मोरया!